सेवकराम पेंटरचा दुधी रंग

तुमसरात कुणाच्या मोटारीला ओरखडा पडला की ती गाडी भंडारा रोडवरच्या एका टिनाच्या शेडकडे वळायची. शेडवर पाटी नव्हती. तिची गरजही नव्हती. ट्रक सोडले तर गावात मोटारी आणि जिपा मिळून तीस-पस्तीस असतील, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या अंगावरून कधी ना कधी सेवकराम पेंटरचा हात फिरलेला होता.

सेवकराम तेव्हा पंचावन्नचा होता. उंच, वाळका, पांढऱ्या मिशांच्या टोकाला रंगाचा कुठलातरी कण अडकलेला. बोलायचा कमी. पण रंगाचा विषय निघाला की त्याच्यापुढे कुणाची बोलायची छाती नसे.

"पूर्ण गाडी रंगवनं कोनालेही जमते," तो म्हणायचा. "रंग चुकला तं सगळीकडे सारखाच चुकते, कोनाले समजत नाही. खरी परीक्षा टचिंगची. वीतभर जागेत असा रंग मारावा का बाजूच्या जुन्या रंगालेही पता लागू नये."

कुणी नागपूरहून कंपनीच्या तयार रंगाचा डबा घेऊन आला तर सेवकराम तो उघडतही नसे. डब्यातला रंग आजचा, गाडीवरचा रंग सहा-सात उन्हाळे खाल्लेला. दोघांचं जमणार कसं? तो आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतला, ऊन न लागलेला रंग बघायचा. मग दरवाजाच्या खालच्या कडेचा. मग जिथे पोचा आहे तिथला. आणि त्यानंतर भिंतीवरच्या तारेला अडकवलेल्या पट्ट्या काढायचा. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेल्या बोटभर रुंदीच्या दहा पट्ट्या होत्या त्या. पहिली शुद्ध पांढरी, पुढच्या प्रत्येकीत पिवळ्याचे दोन-दोन थेंब वाढत गेलेले. मागे खिळ्याने नंबर कोरलेले. चौथी आणि पाचवी यांच्यातला फरक गावात दुसऱ्या कुणाला दिसत नसे. सेवकराम मात्र पट्टी गाडीला लावायचा, मान तिरपी करायचा आणि सांगायचा, "साडेचार."

हे सांगितलेलं ऐकून रंगाचा डबा पुढे करायचं काम डोमाचं. डोमा पत्रा ठोकायचा. चौदा वर्षं तो सेवकरामच्या हाताखाली होता. आत गेलेला पत्रा लाकडी हातोडीने बाहेर काढावा, पुट्टी भरावी, वॉटर पेपरने घासून आरशासारखी जागा करून द्यावी, की त्याचं काम संपलं. रंग पाहणं उस्तादाचं.

एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाई आपली फियाट घेऊन शेडवर आल्या. पंचफुला मेश्राम त्यांचं नाव. माहेर जवळच्याच करडीचं. वडील रेल्वेत गँगमन होते, आणि लेक डॉक्टर होऊन आपल्याच मुलखात परत आली, याचं गावाला मोठं कौतुक होतं. फियाट जुनीच घेतलेली, दुधी रंगाची. बाजारात एका उभ्या बैलगाडीची दांडी मागच्या मडगार्डात घुसली होती.

"नागपूरला नेऊ म्हटलं होतं," बाई म्हणाल्या, "पण सगळे म्हणाले, सेवकरामजी असताना नागपूर कशाला?"

सेवकरामने मान डोलावली. डोमाने दोन दिवसांत पत्रा सरळ करून दिला. तिसऱ्या दिवशी सेवकरामने पट्ट्या लावल्या, रंग केला, पत्र्याच्या तुकड्यावर मारून वाळवून पाहिला, सावलीत पाहिला, उन्हात पाहिला आणि रंग फवारायच्या गनने मडगार्डावर तीन हात मारले. कंपाउंड घासून चमक आणली. संध्याकाळी बाई गाडी घेऊन गेल्या.

चौथ्या दिवशी त्या परत आल्या.

"सेवकरामजी, डाग दिसून राहिला."

"कुठं?"

"हा काय. तुम्ही रंग मारला तो. बाकी गाडी दुधी आणि हा तुकडा पांढरा. निळसरच म्हणा ना."

सेवकराम उकिडवा बसला. मडगार्डावरून हात फिरवला, डोळे बारीक केले. त्याला एकच सलग दुधी मडगार्ड दिसत होतं.

"कच्चा रंग हाये, बाई. आठ दिवसांत बसते."

आठ दिवसांनी बाई पुन्हा आल्या. त्यांचा स्वर चढला नव्हता, पण गाडीतून उतरून त्या सरळ मडगार्डाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. "बसला नाही," त्या म्हणाल्या.

सेवकरामची कानशिलं तापली. तीस वर्षांत कुणी त्याला रंग दाखवला नव्हता. "बाई, तुमी सुई टोचाचं काम करता. मी तुमाले सांगाले येतो का, सुई कुठं टोचा? रंग बराबर हाये. पाहनाऱ्याच्या मनात डाग असला तं त्याले माझा इलाज नाही." तो वळून डोमाला म्हणाला, "सांग रे बाईले."

डोमा हातोडीचा दांडा पुसत होता. तो पुसतच राहिला.

"आण त्या पट्ट्या," सेवकराम म्हणाला. "बाई, ह्या दहा पट्ट्या हायेत. मागं नंबर हायेत. तुमी ह्या पत्त्यासारख्या पिसून द्या. मी नंबर न पाह्यता एक ते दहा लावून देतो. मंग तुमीच ठरवा, डोळा कोनाचा खराब हाये."

बाईंना हे नको होतं. "अहो, मी तसं नाही म्हटलं," त्या म्हणाल्या. पण सेवकरामने पट्ट्या त्यांच्या हातात कोंबल्या. त्यांनी त्या पिसल्या आणि शेडबाहेर उन्हातल्या लाकडी बाकावर पसरल्या. रस्त्याने जाणारे दोघे-तिघे थांबले. राईस मिलचा मुनीम तुलाराम सायकल टेकवून उभा राहिला.

सेवकराम बाकाशी बसला. एक पट्टी उचलली, दुसरीशेजारी धरली, पुढे सरकवली. घाई नव्हती. हात सराईतपणे चालत होता. पाचेक मिनिटांत दहाही पट्ट्या ओळीने लागल्या. तो उठला, धोतराला हात पुसले आणि म्हणाला, "पलटवा."

बाईंनी पहिली पट्टी उलटली. तीन. दुसरी उलटली. सात. तिसरी, एक. चौथीवर दहा होतं. पुढे त्या थांबल्या.

"पलटवा, पलटवा," सेवकराम म्हणाला. त्याचा आवाज अजून चढाच होता, कारण डोक्यात काय झालं ते शिरलंच नव्हतं. त्याने स्वतःच उरलेल्या पट्ट्या भराभर उलटल्या. दोन, नऊ, चार, आठ, सहा, पाच. खिळ्याने कोरलेले आकडे. त्याच्याच हातचे. पाचाच्या पोटाला तो देत असे तो वाकडा फराटासुद्धा तसाच.

त्याने पट्ट्या पुन्हा सुलट्या केल्या. दहाही सारख्या दिसत होत्या. पहिली आणि दहावी शेजारी ठेवल्या. लोणी आणि हळद घातलेलं लोणी, इतका त्यांच्यात फरक होता. त्याने स्वतः केला होता. आता तो बघत होता आणि फरक नव्हता.

"डोम्या! नंबर बदलले का रे तू?"

"उस्ताद, नंबर तुमच्या हातचे हायेत," डोमा खाली मान घालून म्हणाला.

कुणी हसलं नाही. तुलारामने सायकल हळूच रस्त्यावर घेतली आणि न बसता हातात धरूनच चालत गेला. सेवकराम बाकावर बसला. त्याची मूठ आवळलेली होती. हातात पट्टी तशीच होती. पत्र्याची धार तळव्यात रुतली, रक्त आलं, ते त्याला समजलं नाही. ते पुसलं बाईंनी.

मग त्यांनी गाडीतून टॉर्च आणली आणि त्याची हनुवटी वर करून दोन्ही डोळ्यांत पाहिलं.

"मोतीबिंदू आहे, सेवकरामजी. दोन्ही डोळ्यांत. उजव्यात पिकत आलाय. पिवळ्या काचेतून पाहणाऱ्याला पांढरं काय आणि दुधी काय, सगळं एकच दिसतं. यात तुमची चूक नाही. ऑपरेशन होतं याचं."

"बाई, मले तं चांगलं दिसते," तो म्हणाला. "मले रस्ता दिसते. मानूस दिसते."

"दिसतं हो. रंग दिसत नाही."

त्या रात्री त्याने बायकोला विचारलं. बेबीबाई चुलीपुढे बसली होती. तिने भाकर उलटली आणि म्हणाली, "मागच्या पोळ्याले तुमी मले हिरवं लुगडं आनलं आन् मने, घे, निळं आनलं. मले वाटलं मजाक करून राहिले."

"मंग बोलली काहून नाही?"

"लुगडं चांगलं होतं," ती म्हणाली.

नाताळच्या सुट्टीत साकोलीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं. डॉक्टरीणबाईंनीच त्याचं नाव दिलं. वर्गातली बाकं हलवून भाताच्या तणसावर सतरंज्या घातल्या होत्या. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सात दिवस डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या थैल्या लावून सेवकराम उताणा पडून राहिला. दोन्ही डोळे बांधलेले. हलायचं नाही, खोकायचं नाही. बेबीबाई चमच्याने पेज भरवायची. त्या अंधारात तो एकेक गाडी आठवत होता. अमक्याची जीप, तमक्याचा दरवाजा. कुठल्या कामापर्यंत डोळा बरोबर होता आणि कुठून बिघडला, याचा तो माग काढत होता. पण आठवणीतल्या सगळ्या गाड्यांवर रंग अगदी बेमालूम बसलेला होता. त्याने मनाची समजूत घातली. डॉक्टरीणबाईंचं एक काम बिघडलं, बस. पट्ट्या लावल्या तेव्हा ऊन डोळ्यावर होतं.

फेब्रुवारीत भंडाऱ्याला चष्मा मिळाला. काळी फ्रेम, भिंगासारख्या जाड काचा. डोळ्यावर चढवल्याबरोबर सेवकराम दचकून मागे सरला. समोरची भिंत जवळ आली होती. चुन्याची पांढरी भिंत निळीत बुडवून काढल्यासारखी दिसत होती. बेबीबाईचं लुगडं इतकं हिरवं होतं की त्याला हात लावून पाहावंसं वाटलं.

"काय पाह्यता जी?" ती लाजली. "लोक पाहून राहिले नं."

दोघं एसटीने तुमसरला उतरली. स्टँडपासून घराकडे येताना राईस मिलच्या फाटकापुढे श्यामरावांची अँबॅसिडर उभी होती. श्यामराव मिलचे मालक, सेवकरामचे बरोबरीचे. लहानपणी दोघं एकाच शाळेत होते. फिक्या दुधी रंगाच्या त्या गाडीच्या मागच्या दरवाजावर ताटाएवढा एक डाग होता. पांढरा, निळसर, मयताच्या अंगासारखा. शंभर पावलांवरून दिसत होता.

सेवकराम थांबला. त्याच्यातला पेंटर भडकला.

"श्यामराव!" तो ओरडला. "कोन्या गाढवाच्या हातात गाडी देली होती रे? माझी वाट पाहाची नं! दोन महिने नोहतो तं एवढी घाई?"

श्यामराव फाटकात उभे होते. आधी त्यांना हसू आलं. मग ते सेवकरामच्या जाड काचांकडे बघत राहिले आणि त्यांचं हसू गेलं.

"ये, सेवकराम," ते म्हणाले. "चहा घे."

"चहा राहू दे. कोनं केलं ते सांग."

बेबीबाईने नवऱ्याचा सदरा मागून ओढला. तरी त्याला उमगेना. तो दरवाजाजवळ गेला, वाकला. डागाच्या कडेला रंग कसा विरत नेलाय ते त्याने पाहिलं. बाहेरून आत, तीन हात, शेवटचा हात किंचित वर उचललेला. अशी गन तुमसरात एकच माणूस मारायचा.

त्याने दरवाजा धरला.

"किती वर्सं झाले?"

"तीन," श्यामराव म्हणाले.

"तीन वर्सं तू हे घेऊन फिरून राहिला?"

"त्यात काय हाये? गाडी चालते." श्यामराव जवळ आले. "तुले सांगून तुझं कायले खराब करू, सेवकराम? गावात कोनीच नाही सांगितलं."

गावात कोनीच नाही, हे शब्द ऐकल्यावर सेवकरामने मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. घनश्यामची भाड्याची जीप स्टँडकडे चालली होती. बॉनेटवर डाग. पेट्रोल पंपावर उभ्या असलेल्या फिक्या राखाडी गाडीच्या मडगार्डावर डाग. शाळेच्या गाडीला तर दोन. तो घरी गेलाच नाही. बेबीबाईला पुढे पाठवून तो बाजार ओळ, स्टेशनचा रस्ता, मिलांची गल्ली असा भर उन्हात फिरला, आणि जिथे गाडी दिसेल तिथे थांबला. माणसं रामराम करत होती. "बाप्पा, चष्मा मस्त शोभते तुमाले," म्हणत होती. त्याने तीन वर्षांत ज्यांचे ज्यांचे पैसे घेतले होते, ज्यांच्यासमोर छाती काढून "पाहा, कुठं मारला ते सांगा" म्हटलं होतं, ते सगळे तेव्हा "व्वा" म्हणाले होते. कुठे मारला ते त्यांना दिसतच होतं.

दवाखान्याच्या आवारात डॉक्टरीणबाईंची फियाट होती. तो मागच्या मडगार्डाशी बसला आणि डाग शोधू लागला. सापडेना. चष्मा पुसून शोधला. बोट फिरवलं. कुठेच नव्हता.

शेडवर डोमा एका मोटरसायकलची टाकी घासत होता. उस्तादाला बघून तो उठला.

"फियाटचं मडगार्ड कोनं केलं?"

डोमाने पाण्याच्या डब्यात हात धुतले. "मी."

"रंग कोनं पाह्यला?"

"मीच पाह्यला, उस्ताद."

"म्हनजे तुले दिसते." सेवकरामचा आवाज फाटला. "तुले सगळं दिसत होतं! माझ्या बाजूले उभा राहून डबा धरत होता आन् सगळं दिसत होतं! तीन वर्सं गाव माझ्यावर हासून राहिला, आन् तू..."

"गाव नाही हासला."

"मले सांगितलं काहून नाही?"

डोमा इतका वेळ खाली बघत होता. आता त्याने वर पाहिलं. "सांगितलं होतं. श्यामरावजीच्या गाडीच्या टायमाले. मी म्हटलं, उस्ताद, पिवळा थोडा कमी वाटते. तुमी रंगाचा डबा मले फेकून मारला. इथं लागला." त्याने कपाळावरचे केस मागे सारले. भुवईच्या वर बोटाच्या पेराएवढी खूण होती. "तुमी म्हटलं, पत्रा ठोकनाऱ्यानं पत्रा ठोकावा. त्याच्या मांगं मी नाही बोललो."

सेवकरामला तो दिवस आठवेना. किती ताण दिला तरी आठवेना. डबा फेकल्याचं नाही, रक्त आल्याचं नाही, पत्रा ठोकणाऱ्याने पत्रा ठोकावा, हेही नाही. त्या दिवशीचं त्याला एवढंच आठवत होतं की रंग बेमालूम बसला होता आणि तो खुशीत घरी गेला होता. डाग दिसला नव्हता तो डोळ्यातल्या पडद्यामुळे, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण हे का दिसलं नव्हतं?

त्याने हात पुढे केला आणि डोमाच्या कपाळावरची ती खूण अंगठ्याने चाचपली, मघाशी मडगार्ड चाचपलं होतं तशी. डोमा हलला नाही.

"दवाखान्यात गेला होता?"

"भैय्यालालच्या दवाईच्या दुकानातून पट्टी घेतली. चार दिवसांत बरं झालं."

दोन दिवस सेवकराम शेडवर आला नाही. घरात आढ्याकडे बघत पडून होता. बेबीबाईला वाटलं, आता हा माणूस रंगाला हात लावणार नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, आंघोळ केली आणि श्यामरावांच्या मिलवर जाऊन म्हणाला, "चाबी दे." गाडी चालवत आणली डोमाने. पैसे घ्यायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं. श्यामरावांनी वाद घातला तेव्हा सेवकरामने हात जोडले आणि विषय संपला.

डोमाने डाग घासून काढला. सेवकरामने रंग करायला घेतला. पांढरा, त्यात पिवळा, काळ्याचा एक थेंब. तुकड्यावर मारला, वाळवला, दरवाजाला लावून पाहिला. फरक दिसला. पुन्हा पिवळा घातला. पुन्हा फरक. नव्या डोळ्याला सगळ्यात निळं दिसत होतं, तुकड्यात जास्त, दरवाजात कमी. दुपार झाली. शेडच्या जमिनीवर अकरा तुकडे वाळत पडले होते आणि सेवकरामच्या कपाळावर घाम होता. आधी फरक असून दिसत नव्हता; आता कितीही रंग मारला तरी तो जात नव्हता. शेवटी तो म्हणाला, "डोमा. हिकडं ये. पाहा बरं."

चौदा वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. डोमा हात पुसत आला. अकरा तुकड्यांवर ओणवा झाला, एकेक उचलून दरवाजाला लावत गेला. सहाव्या तुकड्याशी थांबला.

"हा बसला, उस्ताद. ह्याच्या पुढचे सगळे पिवळे झाले."

सेवकरामने सहावा तुकडा हातात घेऊन पाहिला. त्याला त्यात निळं दिसत होतं, स्पष्ट. त्याचे ओठ हलले. डोमा थोडा मागे सरकून उभा राहिला होता; ते सेवकरामला दिसलं.

"बराबर पाह्यलं?"

"बराबर पाह्यलं."

"दरवाजाच्या खालच्या कडेले लावून पाह्यला?"

"पाह्यला. तिथंही बसते."

सेवकरामने रंग ढवळायची काडी डब्यात ठेवली. सहाव्या तुकड्याचा रंग पुन्हा केला, थेंब मोजून, गाळणीतून गाळून गनमध्ये भरला. मग कॉम्प्रेसर सुरू केला आणि गन डोमाच्या हातात दिली.

"तू मार," तो म्हणाला. "शेवटचा हात थोडा वर उचलजो."